सुपरहिरो विश्वाचा सचित्र इतिहास: घेण्याआधी, वाचताना आणि मत देताना

सिनेमे बघून होतात, मालिका संपतात, आणि मग एक दिवस वाटतं की या बॅटमॅन-स्पायडरमॅन मंडळींचं मूळ प्रकरण एकदा नीट वाचून काढावं. मूळ कॉमिक्सचे अंक हजारोंनी, कुठून धरायचं कळत नाही. अशा वेळी कोणीतरी सुचवतं, एखादा जाडजूड सचित्र इतिहास घे, त्यात सगळं आलंय. सल्ला वाईट नाही. पण पैसे मोजायच्या आधी माणूस वाचकांची मतं चाळायला बसतो आणि तिथेच अडकतो. एकाच पुस्तकाला एक जण 'संग्रही हवंच' म्हणतोय, दुसरा 'पैसे पाण्यात' म्हणतोय, आणि तिसऱ्याने दोन तारे देऊन फक्त खोक्याचा कोपरा चेपल्याची तक्रार लिहिलीय.

नाशिकमध्ये आम्ही काही जण अशी पुस्तकं आळीपाळीने वाचतो आणि त्यांवर यथेच्छ भांडतो. नवीन येणाऱ्याला दर वेळी तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. माझं म्हणणं एवढंच आहे: बहुतेक मतं खोटी नसतात, फक्त ती हातात आलेल्या पुस्तकापेक्षा मनात असलेल्या पुस्तकाबद्दल जास्त असतात. मत देणाऱ्याच्या मनात कुठलं पुस्तक होतं हे ओळखता आलं, की त्याच्या शिव्यासुद्धा कामाला येतात.

पहिली पायरी: कोणाचा इतिहास हवाय ते ठरवा

सुपरहिरोंच्या बाबतीत इतिहास दोन असतात. एक गोष्टीच्या आतला, म्हणजे त्या जगात काय काय घडलं त्याचा. दुसरा गोष्टी रचणाऱ्यांचा, म्हणजे लेखक, चित्रकार, संपादक, छपाई, भांडणं, कोर्टकचेऱ्या यांचा.

आतला इतिहास म्हणजे काय ते घरातल्या मोठ्यांना विचारा. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झालं आणि त्यातला वेताळ, म्हणजे मूळ इंग्रजीतला फँटम, आपल्याकडे मराठीतून वाचला गेला. या वेताळाच्या कवटीच्या गुहेत बखरींच्या जाड वह्या असतात. १५३६ पासून प्रत्येक पिढीच्या वेताळाने आपले पराक्रम त्यांत लिहून ठेवलेले. आता चालू आहे तो एकविसावा. ती बखर म्हणजे आतला इतिहास. आणि ली फॉक नावाच्या अमेरिकन लेखकाने १९३६ मध्ये ही चित्रपट्टी वर्तमानपत्रांसाठी सुरू केली, हा बाहेरचा.

स्पायडरमॅनचं तसंच. आत बघितलं तर क्वीन्समधला एक भिडस्त पोरगा, कोळ्याचा चावा, काकाचा खून. बाहेर बघितलं तर ऑगस्ट १९६२ ची तारीख असलेला, बंद पडू घातलेल्या एका मासिकाचा पंधरावा आणि शेवटचा अंक. स्टॅन ली लेखक, स्टीव्ह डिटको चित्रकार. त्या अंकाचं मुखपृष्ठ मात्र जॅक कर्बीने काढलं, कारण डिटकोचं पहिलं मुखपृष्ठ बाजूला ठेवलं गेलं. तुम्हाला यातलं कोणतं वाचायला जास्त मजा आली? जे उत्तर येईल त्या जातीचं पुस्तक घ्या.

बाजारात साधारण तीन जाती मिळतात.

पहिल्या जातीत विश्वाचा इतिहास स्वतःच कॉमिक म्हणून सांगितलेला असतो. सुपरमॅन-बॅटमॅनवाल्या डीसी या अमेरिकन कंपनीने १९८६ मध्ये दोन भागांत 'हिस्टरी ऑफ द डीसी युनिव्हर्स' काढलं, लेखक मार्व्ह वुल्फमन, चित्रकार जॉर्ज पेरेझ. स्पायडरमॅनवाल्या मार्व्हल या दुसऱ्या मोठ्या कंपनीने २०१९ मध्ये सहा अंकांत 'हिस्टरी ऑफ द मार्व्हल युनिव्हर्स' काढलं, लेखक मार्क वेड, चित्रकार हाविएर रोद्रिगेझ. गंमत अशी की २०२५ मध्ये डीसीने नव्याने इतिहास लिहवून घेतला तोही मार्क वेडकडूनच. दोन्ही घराण्यांच्या कुळकथा एकाच भाटाने गायल्यासारखं झालं.

दुसऱ्या जातीत सालवार नोंदी असतात: या वर्षी हे पात्र आलं, हा अंक गाजला, हा संपादक बदलला, शेजारी मुखपृष्ठांची छोटी चित्रं. चाळायला झकास, सलग वाचायला कंटाळवाणं.

तिसरी जात प्रकाशन संस्थेचा इतिहास सांगते. लेख, छायाचित्रं, मूळ रेखाटनं, जुन्या जाहिराती. यातली काही पुस्तकं एवढी अवाढव्य असतात की मांडीवर घेऊन वाचताच येत नाहीत, पाट किंवा टेबल लागतं.

दुसरी पायरी: मतं वाचायला बसा, पण तारे मोजू नका

या पायरीवर वेळ घालवा. पाच तारे आणि एक तारा, दोन्ही आधी बाजूला ठेवा. तीन आणि चार तारेवाले शांत डोक्याने लिहितात. त्यांना काय आवडलं आणि काय खटकलं हे दोन्ही सांगायचं असतं.

मग बघा, तक्रार कशाची आहे.

'माझं आवडतं पात्र यात नाहीच' ही सगळ्यांत जास्त भेटणारी तक्रार. ऐंशी-नव्वद वर्षांची हजारो पात्रं दोनशे पानांत बसवायची म्हणजे कोणीतरी बाहेर राहणारच. नवख्याला या तक्रारीचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण ते पात्र कोण हेच तुम्हाला ठाऊक नाही. मात्र दहा-बारा वाचक एकाच गोष्टीबद्दल ओरडत असतील, म्हणजे उदाहरणार्थ 'एक्स-मेनला नीट जागाच दिली नाही', आणि तुम्ही नेमके त्यांच्यासाठीच पुस्तक घेत असाल, तर थांबा.

'यात गोष्टच नाही' ही तक्रार पहिल्या जातीच्या पुस्तकांना हमखास येते आणि ती खरी आहे. १९८६ च्या डीसीच्या इतिहासात नेहमीच्या चौकटी आणि संवादांचे फुगे नाहीत. मोठाली चित्रं आणि बाजूला हार्बिंजर नावाच्या पात्राने सांगितलेला मजकूर, असा तो मामला आहे. २०१९ च्या मार्व्हलच्या इतिहासात विश्वाचा अंत जवळ आलाय आणि गॅलॅक्टस नावाचं पात्र फ्रँकलिन रिचर्ड्स या दुसऱ्या पात्राला झालेलं सगळं सांगतोय. वाचक लढाई, संवाद, विनोद या अपेक्षेने उघडतो आणि त्याला मिळतं निवेदन. तुम्हाला बखर वाचायला आवडत असेल तर ज्या पुस्तकाला ही शिवी पडलीय तेच तुमचं.

'माहिती चुकीची आहे' म्हणणाऱ्यांकडे जरा जास्त लक्ष द्या, पण एक गोष्ट लक्षात ठेवून. अमेरिकन कॉमिक्सवर छापलेला महिना आणि अंक दुकानात यायचा महिना वेगळा असायचा. सुपरमॅनचा पहिला अंक, 'ॲक्शन कॉमिक्स'चा क्रमांक १, मुखपृष्ठावर जून १९३८ म्हणतो, पण विक्रीला आला एप्रिलमध्येच. एक पुस्तक एप्रिल लिहितं, दुसरं जून, आणि वाचक एकमेकांच्या उरावर बसतात. दोन्ही बरोबर. खरी चूक वेगळी असते: चित्रकाराचं नाव भलतंच, एका अंकाचं मुखपृष्ठ दुसऱ्याच्या नोंदीशेजारी, किंवा सूचीतला पान क्रमांक चुकलेला. अशी नेमकी चूक पानासकट दाखवणारा वाचक सापडला तर त्याची बाकीची मतंही शोधून वाचा. अशी माणसं थोडी असतात.

छपाईबद्दलची मतं नवखे लोक सोडून देतात. सोडू नका. सचित्र पुस्तकात छपाई म्हणजे अर्धं पुस्तक. दोन पानांवर पसरलेलं चित्र मधल्या शिवणीत गिळलं जातं का, पुस्तक पूर्ण उघडतं का, अक्षर किती बारीक आहे, हे फक्त विकत घेतलेला माणूसच सांगू शकतो. चाळिशी लागलेल्यांनी 'फॉन्ट बारीक' हे वाक्य मुद्दाम शोधावं.

आणि मताची तारीख बघा. ही पुस्तकं दर काही वर्षांनी वाढवून पुन्हा काढतात, आणि विक्रीच्या ठिकाणी जुन्या आवृत्तीची मतं नव्या आवृत्तीखाली तशीच चिकटलेली असतात. 'शेवटची वर्षं घाईत उरकली आहेत' ही तक्रार आधीच्या आवृत्तीची असू शकते. आयएसबीएन, म्हणजे प्रत्येक आवृत्तीचा वेगळा ओळख क्रमांक, जुळवून बघायची सवय लावा, दोन मिनिटांचं काम आहे.

खोक्याच्या कोपऱ्याची तक्रार? ती कुरियरवाल्याबद्दल आहे. पुढे चला.

तिसरी पायरी: हे पुस्तक कोणी लिहवून घेतलंय?

जवळपास सगळे देखणे सचित्र इतिहास त्या त्या कंपनीच्या परवानगीने, बरेचदा कंपनीनेच काढलेले असतात. साहजिक आहे, चित्रांचे हक्क त्यांच्याकडे. पण म्हणजे ती प्रशस्ती झाली. नाशिककरांना प्रशस्ती म्हणजे काय हे पुस्तकातून शिकायला नको, पांडवलेणी चढून गेलं की पुरे. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, कीर्ती कोरून ठेवलीय: राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा पराक्रमी, शक-यवन-पह्लवांचा संहार करणारा, क्षहरातांचं, म्हणजे शत्रू राजघराण्याचं, कुळ निपटून काढणारा. आईने मुलाबद्दल आणखी काय लिहावं! पण थोडं पुढे दहाव्या लेण्यात गेलात तर त्याच क्षहरातांच्या नहपान राजाचा जावई, उषवदात, याचे दानलेख आहेत, आणि तेही तितक्याच ऐटीत. दोन्ही वाचल्याशिवाय त्या काळाचं चित्र पुरं होत नाही.

कॉमिक्सच्या अधिकृत इतिहासाचंही तसंच. प्रशस्ती म्हणून ती जरूर वाचा, तिच्यात दम असतो. फक्त काय गाळलंय ते ओळखायला पुस्तक हातात आल्यावर शेवटची सूची उघडा आणि काही नावं शोधा.

बिल फिंगर. बॅटमॅनची १९३९ मधली पहिली गोष्ट याने लिहिली, पण कित्येक दशकं निर्माता म्हणून एकट्या बॉब केनचं नाव छापलं जायचं. फिंगरला अधिकृत श्रेय मिळालं २०१५ मध्ये. जुन्या पुस्तकात तो नुसता 'लेखक' म्हणून एका ओळीत येतो की त्याच्यावर परिच्छेद आहे, यावरून बरंच कळतं.

जेरी सीगल आणि जो शूस्टर. सुपरमॅनचे हक्क या दोन पोरांनी १३० डॉलरला विकले. पुढे आयुष्यभर झगडले, आणि १९७५ अखेरीस कुठे त्यांना वार्षिक मानधन आणि नावाचं श्रेय मिळालं. १३० हा आकडा पुस्तकात आहे का बघा. नसेल तर लेखकाने डोळे मिटून घेतलेत.

मारी सेव्हरिन. मार्व्हलची रंगकार आणि चित्रकार. रंग भरणाऱ्यांना, अक्षरं लिहिणाऱ्यांना पुस्तक मोजतं की नाही, याची परीक्षा या नावाने होते.

१९५४ सालही उघडून बघा. त्या वर्षी कॉमिक्स कोड आला, प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेली आचारसंहिता. मुखपृष्ठावर कोडचा शिक्का नसेल तर वितरक अंक उचलायचे नाहीत. या धाकाने भयकथांची मासिकं पटापट बंद पडली. १९७१ मध्ये स्पायडरमॅनच्या तीन अंकांत अमली पदार्थांचा विषय आला, कोडने शिक्का नाकारला, आणि मार्व्हलने ते अंक शिक्क्याविनाच बाजारात आणले. चांगलं पुस्तक ही दोन सालं एकमेकांना जोडून दाखवतं. कामचलाऊ पुस्तकात १९५४ हे एक रिकामंसं पान असतं.

चौथी पायरी: पहिल्या पानापासून वाचू नका

मध्यंतरी एक भाचा आणि त्याचे मामा आमच्याकडे आले. भाच्याने सालवार नोंदींचं पुस्तक पहिल्या पानापासून सुरू केलं होतं आणि १९४३ च्या आसपास त्याचा श्वास कोंडला होता. "मामा, यातलं कोणीच मला माहीत नाही," तो म्हणाला. मामा म्हणाले, "अरे, पंचांग कोणी पहिल्या पानापासून वाचतं का?"

एका पात्राचा धागा धरा. मी नवख्यांना फ्लॅश सुचवतो. सिनेमात त्याचं फारसं जमलं नाही, पण इतिहासाच्या पुस्तकात याच्याएवढा वाटाड्या दुसरा नाही. सूचीत त्याचं नाव काढा, येतील त्या पानांवर चिठ्ठ्या लावा आणि फक्त तेवढीच पानं वाचत जा.

१९४० मध्ये जे गॅरिक नावाचा फ्लॅश आला. युद्ध संपल्यावर सुपरहिरोंची लाट ओसरली तसा तोही गेला. १९५६ मध्ये नव्या वेशात नवा फ्लॅश आला, बॅरी ॲलन, आणि तो आपल्या पहिल्याच गोष्टीत जुन्या फ्लॅशचं कॉमिक वाचत बसलेला दाखवलाय. म्हणजे जुना फ्लॅश हे नव्या फ्लॅशच्या जगातलं काल्पनिक पात्र. मग १९६१ च्या एका अंकात बॅरी थेट जे गॅरिकच्या शहरात जाऊन पोचतो: तो खराच आहे, फक्त दुसऱ्या पृथ्वीवर. लेखक गार्डनर फॉक्स, चित्रकार कारमाइन इन्फँटिनो. आज सिनेमात जे मल्टिव्हर्स मल्टिव्हर्स, म्हणजे एकाशेजारी अनेक विश्वं, चाललंय, त्यातला डीसीचा मोठा दरवाजा हा. पुढे पृथ्व्यांची एवढी गर्दी झाली की १९८५-८६ मध्ये 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या बारा अंकी मालिकेत सगळ्यांची मिळून एकच पृथ्वी करून टाकली. त्या मालिकेत बॅरी ॲलन मेला. आणि त्या उलथापालथीनंतर 'आता आपलं नक्की काय काय घडलेलं आहे' हे ठरवून सांगायला १९८६ चा तो दोन भागांचा इतिहास काढला.

आता तो इतिहास हातात घ्या, म्हणजे तो का लिहिला गेला हे कळेल. तोही फार काळ टिकला नाही. १९८९ पासून डीसीच्याच हॉकमन या पात्राची नवी कथा आली आणि आधीचं ठरवलेलं पुन्हा विस्कटलं. याला रिटकॉन म्हणतात: आधी घडून गेलेलं नंतर बदलणं. यावर चिडणारे वाचक खूप, मतांमध्ये त्यांचा त्रागा तुम्हाला दिसेलच. नवख्याने एवढ्यात चिडायचं कारण नाही. सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. १३,००० हून जास्त नाणी, सगळी नहपानाची, आणि त्यांतल्या बहुतेकांवर सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. काही नाण्यांवर नव्या छापाखालून जुन्या राजाचा चेहरा अजून दिसतो. रिटकॉनची पानं तशी वाचायची: वरचा छाप बघायचा, आणि खालचा चेहराही.

मार्व्हलची अडचण निराळी. तिथे पुन्हापुन्हा रीबूट, म्हणजे सगळं पुसून नव्याने सुरुवात, करत नाहीत, वय सरकवत नेतात. १९६३ च्या पहिल्या गोष्टीत आयर्न मॅन व्हिएतनामच्या युद्धात जखमी होतो. आज ते धरलं तर टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅनच, पणजोबा व्हायचा. म्हणून २०१९ च्या इतिहासात सियानकाँग नावाच्या एका काल्पनिक देशातलं युद्ध घातलं आणि आयर्न मॅन, पनिशर, रीड रिचर्ड्स यांच्या युद्धाच्या आठवणी तिकडे वळवल्या. साल न सांगता युद्ध सांगितलं की पुढची पन्नास वर्षं निश्चिंत. कोणाला ही पळवाट वाटते, मला ती हुशारी वाटते. वेताळाने तोच प्रश्न पिढ्यांवर पिढ्या आणून सोडवला होता. पण तो एकविसावाही १९३६ पासून तरुणच आहे, ते सोडून द्या.

पाचवी पायरी: चित्रं बघा, नुसती ओलांडू नका

आमच्यातले एक काका नाशिकरोडला छापखान्यात नोकरी करून निवृत्त झाले. सुपरहिरोंची त्यांना काडीची आवड नाही, तरी येतात, आणि त्यांचं मत मी सगळ्यांत आधी ऐकतो. ते मजकूर वाचत नाहीत. भिंग काढतात.

त्यांच्यामुळे कळलं ते असं. जुनी अमेरिकन कॉमिक्स स्वस्त, खरखरीत कागदावर चार शाईंत छापत. काळी सोडून निळी, गुलाबी आणि पिवळी या तीन शाईंच्या ठरावीक छटा. प्रत्येकीच्या कोरी धरून चार पातळ्या, त्यामुळे एकूण रंग ६४. भिंगातून बघितलं की ठिपके दिसतात. सचित्र इतिहासात ही चित्रं दोन प्रकारे येतात. एक, जुना अंक जसाच्या तसा टिपून, पिवळट कागद आणि ठिपक्यांसकट. दोन, रेषा ठेवून संगणकावर नव्याने रंग भरून, चकचकीत कागदावर. दुसरा प्रकार पहिल्या नजरेला भारी वाटतो. पण मूळ रंगकाराने मऊ कागद शाई पिऊन टाकणार हे धरून भडक रंग निवडले होते. तेच रंग गुळगुळीत आर्ट पेपरवर आले की डोळ्यांत घुसतात. मतांमध्ये कोणी 'रंग फार भडक' म्हटलं तर त्याला हे म्हणायचं असतं.

सरावासाठी एकच चित्र घ्या: 'ॲक्शन कॉमिक्स' क्रमांक १ चं मुखपृष्ठ, कुठल्याही इतिहासात असतंच. सुपरमॅनने हिरवी मोटार डोक्यावर उचलून खडकावर आपटलीय, काच आणि चाक उडालंय. हे सगळ्यांनाच दिसतं. आता डाव्या कोपऱ्यात खाली बघा: एक माणूस दोन्ही हात डोक्याला लावून, डोळे फाडून आपल्या अंगावर पळत येतोय. १९३८ मध्ये मासिकांच्या गठ्ठ्यात हा अंक बघणाऱ्याला सुपरमॅन कोण हे माहीत नव्हतं. मोटार उचलणारा गुंड आहे की तारणहार, हेही चित्रावरून कळत नाही. तो पळणारा माणूस काढून टाका, आणि चित्रातली भीती जाते. पुस्तकात हे मुखपृष्ठ टपाल तिकिटाएवढं छापलं असेल, तर तो माणूस दिसणारच नाही. चित्रांच्या आकाराबद्दलची मतं का महत्त्वाची, ते इथे समजतं.

सहावी पायरी: नाशिकमध्ये मिळवायचं कसं

आधी बघा, मग घ्या. टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे १८४० पासूनच्या आपल्या सावानात, इंग्रजी विभागात चौकशी करा. नसेल तर मागणी लिहून द्या. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या दुकानांत असली महाग पुस्तकं मांडून ठेवलेली क्वचित दिसतात. दुकानदाराला पुस्तकाचं नाव सांगू नका, आयएसबीएन सांगा, नाहीतर तीच ती जुनी आवृत्ती येते. मुंबईला काम असेल तर सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडा, सीएसएमटीवरून चालत हुतात्मा चौकात जा आणि फुटपाथवरच्या ढिगांत हात घाला. तिथे सुटे अंक आणि जुने संग्रह निघतात. घासाघीस करा, पण आधी पानं पूर्ण आहेत का ते मोजा.

पहिलंच पुस्तक महागडं घेऊ नका. कॉमिक स्वरूपातल्या इतिहासाची साध्या बांधणीची प्रत किंवा डिजिटल प्रत सुरुवातीला पुरते.

पावसाळ्यात जपा. आर्ट पेपरची पानं दमट झाली की एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना चित्र फाटतं. मोठी पुस्तकं उभी न ठेवता आडवी ठेवा, भिंतीला टेकवू नका, बूट-बॅगांतून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका.

सातवी पायरी: आता तुमचं मत लिहा

वाचून झालं की लिहाच. पण तुमच्या मताचा कोणाला उपयोग व्हावा असं वाटत असेल तर आधी स्वतःची ओळख द्या: काय वाचून आलात, काय हवं होतं. आवृत्ती सांगा. एक तरी पान नेमकं सांगा. आणि गोष्टीतले मृत्यू, गुपितं लिहिताना आधी सूचना द्या. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट असली तरी नवखा ती आज वाचणार आहे.

नमुन्यादाखल, २०१९ च्या मार्व्हलच्या इतिहासावर मी लिहिलेलं:

"सिनेमे बघितलेले, अंक थोडेच वाचलेले. सहा अंकांचा एकत्र संग्रह वाचला. रोद्रिगेझची पानं एकेक करून भिंतीवर लावावीत अशी. दहा घटना एका पानात बसवतो आणि नजर तरी हरवत नाही. मजकूर मात्र धावतो. तिसऱ्या अंकानंतर 'मग हे झालं, मग ते झालं' एवढंच उरतं, आणि जी पात्रं ओळखीची नाहीत त्यांच्या मरणाचं काहीच वाटत नाही. शेवटच्या टिपा पुस्तकाचा सगळ्यांत उपयोगी भाग, कुठली घटना मूळ कुठल्या अंकातली ते तिथे कळतं. मी आधी टिपा वाचल्या असत्या तर बरं झालं असतं. बाहेरचा इतिहास हवा असेल तर इथे येऊ नका, कर्बी-डिटको यांच्या आयुष्याबद्दल यात काही नाही."

यात तारे नाहीत हे लक्षात आलं असेल. द्यायचेच झाले तर चित्रांना वेगळे आणि मजकुराला वेगळे द्या.

चार-पाच जण मिळून एक महाग पुस्तक घ्या आणि फिरवा. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'मुळे पुस्तकांच्या पेट्या फिरवायची सवय या गावाला आहेच. आम्ही पुस्तकाबरोबर एक दोनशे पानी वही ठेवतो. वाचून झालं की प्रत्येकाने तिच्यात एक पान लिहायचं आणि मग दोन्ही पुढच्याकडे द्यायचं. आधीच्यांची पानं पुस्तक संपल्यावरच उघडायची, असा माझा आग्रह. आमच्यातल्या कॉलेजच्या मुलीला तो मान्य नाही. तिचं म्हणणं, "दादा, शिव्या आधी वाचल्या की पुस्तक जास्त आवडतं." काका तिच्या बाजूने आहेत, आणि वहीतलं काकांचं शेवटचं मत एका ओळीचं आहे: 'पान ११२, गुलाबी शाई सरकली आहे.'